मिंट टाकल्यापासून लॅपटॉपचं वायफाय गायब, तीन ड्रायव्हर मिळालेत, त्यातला कुठला घेऊ?

खडूफळा (शुक्रवार, रात्री ९.४०)

नमस्कार. मी दापोली तालुक्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेत शिकवते. जरा सविस्तर लिहिते, म्हणजे तुम्हाला उलट विचारत बसावं लागणार नाही.

लॅपटॉप २०१५ साली घेतलेला. आय-थ्री ४००५यू प्रोसेसर, ४ जीबी रॅम. मागच्या वर्षी जुनी हार्ड डिस्क काढून २४० जीबीची एसएसडी बसवून घेतली, तेव्हापासून अगदी चटपटीत चालतो. १४ ऑक्टोबर २०२५ला विंडोज १०चा सपोर्ट संपला. विंडोज ११ला इंटेलचा किमान आठव्या पिढीचा प्रोसेसर आणि टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप लागते, माझा प्रोसेसर चौथ्या पिढीचा. चालतं यंत्र भंगारात काढायला माझं मन तयार होईना. याच लॅपटॉपवर २०१६पासूनच्या माझ्या प्रत्येक वर्गाच्या आवाजातल्या कविता आहेत. पहिलीत अडखळत वाचणारी मुलं चौथीत कशी खणखणीत म्हणतात, ते मी दरवर्षी पालकांना ऐकवते.

शाळेतल्या एका सरांनी पेनड्राइव्हवर लिनक्स मिंट २२.१ (विंडोजऐवजी चालणारी ऑपरेटिंग सिस्टिम), त्यातला एक्सएफसीई हा हलका प्रकार करून दिलं. सगळ्या फाइली बाहेरच्या डिस्कवर घेतल्या, दोनदा तपासल्या आणि पाडव्याच्या दुपारी विंडोज पूर्ण काढून मिंट टाकलं. पडदा लख्ख, आवाज स्वच्छ, इनस्क्रिप्टचा कीबोर्ड पाच मिनिटांत सुरू झाला. फक्त वायफाय नाही. उजवीकडे खाली नेटवर्कच्या चिन्हावर क्लिक केलं की 'वायर्ड' एवढीच एक ओळ येते, तीही फिकट. वायफाय हा शब्दच नाही. फंक्शन आणि एफ-टू दाबून पाहिलं, काही फरक नाही.

भावाच्या कॉम्प्युटरवर लॅपटॉप-कंपनीच्या साइटवर मॉडेल नंबर टाकला, तर वायरलेसचे तीन ड्रायव्हर (वायफाय चालवणारी सॉफ्टवेअरं) समोर आले. एक इंटेलचा, एक ब्रॉडकॉमचा, एक क्वालकॉम ॲथेरॉसचा. मॉडेल एकच, मग ड्रायव्हर तीन कसे? तिन्ही उतरवून घेतले. तिन्ही फाइली ईएक्सई आहेत आणि मिंट त्या उघडत नाही.

लॅनची वायर लावून बघा, असं एक जण म्हणाला. पण राउटर दिरांकडे वरच्या मजल्यावर आहे, तिथून वायर खाली आणायची सोय नाही. सुट्टी संपायला आठवडा आहे. या तिन्हीतला कुठला घेऊ आणि मिंटमध्ये कसा टाकू? की विंडोज १०च परत टाकावं?

रात्रपाळी (शुक्रवार, रात्री ११.१५)

ताई, विंडोज परत टाकू नका. तुमचं नव्वद टक्के काम झालेलं आहे.

आधी त्या तीन ड्रायव्हरचं. लॅपटॉपचं मॉडेल म्हणजे वरचं कवच. आतलं वायफायचं कार्ड हा बोटभर लांबीचा वेगळा तुकडा असतो, आणि एकाच मॉडेलमध्ये कधी या चिपचं, कधी त्या चिपचं कार्ड बसवून माल बाहेर पडतो. साइटला तुमच्या हातातल्या लॅपटॉपमध्ये कुठलं कार्ड आहे ते माहीत नसतं, म्हणून ती तिन्ही पुढे करते. मॉडेलच्या नावाने ड्रायव्हर शोधणं म्हणजे बिल्डिंगच्या नावाने पत्र पाठवण्यासारखं आहे. खोली क्रमांक लागतो.

तो खोली क्रमांक चिपमध्येच असतो. चार अक्षरं, मधे विसर्गासारखी दोन टिंबं, पुढे चार अक्षरं. पहिली चार बनवणाऱ्याची, दुसरी चार त्या विशिष्ट चिपची. ८०८६ म्हणजे इंटेल, १०ईसी म्हणजे रिअलटेक, १४ई४ म्हणजे ब्रॉडकॉम, १६८सी म्हणजे ॲथेरॉस, १४सी३ म्हणजे मीडियाटेक. हा क्रमांक ऑपरेटिंग सिस्टिम बदलली तरी बदलत नाही. विंडोज असो, मिंट असो, तोच.

तुम्हाला तो असा मिळेल. मेन्यूमध्ये 'सिस्टिम रिपोर्ट्स' उघडा, त्यात 'सिस्टिम इन्फर्मेशन'. खाली 'नेटवर्क' असा भाग असेल. तिथे चिपचं नाव, 'ड्रायव्हर'पुढे काय लिहिलंय ते, आणि 'चिप-आयडी'. लॅनची चिपही तिथेच दिसेल, म्हणून दोन्ही ओळी इथे द्या. टर्मिनल (आज्ञा टाइप करायची खिडकी) उघडायची तयारी असेल तर एल, एस, पी, सी, आय, मग स्पेस, डॅश, एन, एन, के. सगळी छोटी इंग्रजी अक्षरं. तेच उत्तर येतं.

त्या तीन ईएक्सई पुसून टाका, त्या विंडोजच्याच कामाच्या. लिनक्समध्ये ड्रायव्हर कंपनीच्या साइटवरून आणायची पद्धत नाही. बहुतेक ड्रायव्हर कर्नलमध्येच, म्हणजे सिस्टिमच्या गाभ्यातच, असतात, उरलेले मिंटच्या स्वतःच्या भांडारातून येतात. इंटेल किंवा ॲथेरॉस असतं तर तुमचं वायफाय पहिल्याच दिवशी लागलं असतं, म्हणून माझा अंदाज ब्रॉडकॉमवर आहे. पण अंदाजावर काही टाकू नका, आधी क्रमांक.

आणि इंटरनेटची सोय तुमच्या हातात आहे. अँड्रॉइड फोन चार्जिंगच्या वायरने लॅपटॉपला जोडा. फोनच्या सेटिंगमध्ये हॉटस्पॉट आणि टेथरिंग असेल, तिथे 'यूएसबी टेथरिंग' सुरू करा. वायर जोडल्याशिवाय ते बटण दाबलं जात नाही. लॅपटॉपला ती जोडणी लॅनच्या वायरसारखी दिसते, वेगळा ड्रायव्हर लागत नाही. फोन दिरांच्या वायफायवर ठेवलात तर तेच वायफाय वायरीतून लॅपटॉपला मिळतं, मोबाइल डेटा खर्च होत नाही.

कसारा_लोकल (शनिवार, सकाळी ६.५०)

वर क्रमांकाचं सांगितलंय ते शंभर टक्के खरं. माझा प्रसंग विंडोजचा होता, पण तोच क्रमांक कामी आला, म्हणून लिहितो.

बायकोच्या लॅपटॉपवर विंडोज कोरं टाकलं आणि वायफाय गेलं. डिव्हाइस मॅनेजरमध्ये 'नेटवर्क कंट्रोलर' असं नाव आणि त्यावर पिवळा त्रिकोण. नावावरून काहीच कळत नाही. त्यावर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, डीटेल्स, आणि वरच्या यादीतून 'हार्डवेअर आयडीज' निवडलं. पीसीआय, मग 'व्हेन' आणि चार अक्षरं, 'डेव्ह' आणि चार अक्षरं. व्हेन म्हणजे बनवणारा, डेव्ह म्हणजे चिप. ती ओळ डेव्हपर्यंत जशीच्या तशी मायक्रोसॉफ्टच्या अपडेट कॅटलॉगमध्ये शोधली. कॅब फाइल उतरवली, पेनड्राइव्हवरून आणून एका फोल्डरमध्ये उलगडली आणि 'अपडेट ड्रायव्हर'मधून ते फोल्डर दाखवलं. त्रिकोण गेला.

त्याआधी मी 'सगळे ड्रायव्हर एका क्लिकमध्ये' म्हणणारं एक सॉफ्टवेअर टाकलं होतं. वायफाय आलं नाहीच, वर ब्राउझरमध्ये जाहिराती घुसल्या. पुन्हा सगळं कोरं करायला रविवार गेला. असल्या वाटेला कुणी जाऊ नका, कळकळीने सांगतो.

सोल्डरगन (शनिवार, सकाळी १०.२०)

ताई, कोल्हापुरात लक्ष्मीपुरीत माझं रिपेअरिंगचं दुकान आहे, रोज असले चार लॅपटॉप टेबलावर असतात. क्रमांक मिळत नसला तर खालचं झाकण उघडूनही कळतंय. कार्डावर लेबल असतंय, चिपचं नाव त्यावर छापलेलं. पण तुम्ही आत्ताच स्क्रू ड्रायव्हर हातात घेऊ नका. अँटेनाच्या वायरींची टोकं लई नाजूक असतात, बटणासारखी दाबून बसवलेली. तिरकी ओढली की तुटली.

नाहीच जमलं तर शेवटचा उपाय म्हणजे कार्ड बदलणं. इंटेलचं जुनं कार्ड थोडक्यात मिळतंय आणि मिंटमध्ये आपोआप चालतंय. फक्त दोन गोष्टी बघायच्या. कार्डाचा आकार मिनी पीसीआय-ईचा आहे का एम.२चा, ते. आणि काही लॅपटॉपांच्या बायोसमध्ये (लॅपटॉप सुरू करणाऱ्या आतल्या प्रोग्रॅममध्ये) ठरावीक कार्डांचीच यादी असते, दुसरं कार्ड बसवलं की लॅपटॉप सुरूच होत नाही. म्हणून नवं कार्ड घेताना परत घेण्याच्या बोलीवर घ्यायचं.

पण आधी क्रमांक टाका. बहुतेक वेळा पैसे न घालवता काम होतंय.

खडूफळा (शनिवार, दुपारी १.०५)

सगळ्यांचे मनापासून आभार. फोनची वायर चालली! पहिल्या वायरने काहीच झालं नाही, टेथरिंगचं बटण फिकटच राहिलं. दिरांच्या मुलाची वायर आणली तर लगेच 'वायर्ड कनेक्शन' आलं. पहिली वायर नुसती चार्जिंगची निघाली, तिच्यातून डेटा जातच नाही. हे कुणाला उपयोगी पडेल म्हणून मुद्दाम लिहिलं.

आता क्रमांक. वायफायच्या ओळीत आहे ब्रॉडकॉम बीसीएम४३१४२, चिप-आयडी १४ई४:४३६५. पण 'ड्रायव्हर'पुढे लिहिलंय 'बीसीएमए-पीसीआय-ब्रिज'. म्हणजे ड्रायव्हर आहे की. मग वायफाय का नाही?

रात्रपाळी (शनिवार, दुपारी २.३०)

फार चांगला प्रश्न विचारलात, इथे पुष्कळ जण फसतात. 'ब्रिज' हा शब्द बघा. तो वायफायचा ड्रायव्हर नाही. ब्रॉडकॉमच्या चिपच्या आत छोटे छोटे भाग असतात, त्या भागांपर्यंत पोचायला कर्नलने टाकलेला तो साकव आहे. साकव ओलांडून पलीकडे काम करणारा माणूस हवा ना? काही ब्रॉडकॉम चिपसाठी तो माणूस कर्नलमध्ये आहे, बी४३ नावाचा किंवा बीआरसीएमएसमॅक नावाचा. ४३१४२ला त्या दोघांपैकी कुणीच चालत नाही. तिला 'डब्ल्यूएल' नावाचाच ड्रायव्हर लागतो.

नेटवर शोधलंत तर 'बी४३चं फर्मवेअर (चिपमध्ये भरायची फाइल) टाका' असे शेकडो सल्ले मिळतील. ते दुसऱ्या चिपसाठी खरे आहेत, तुमच्यासाठी नाहीत. १४ई४पर्यंत जुळलं म्हणून पुढचं वाचू नका, ४३६५ जुळलं तरच वाचा.

डब्ल्यूएलची मूळ आवृत्ती ६.३०.२२३.२७१, ती गेली कित्येक वर्षं तीच आहे. तिचा गाभा बंद आहे, पण भोवतीचा भाग दुरुस्त करून उबंटू आणि डेबियन या लिनक्सच्या दुसऱ्या प्रकारांची माणसं तिला नव्या कर्नलवर चालवत ठेवतात. मिंट २२ उबंटू २४.०४वर उभं आहे, म्हणून तिथलंच पॅकेज तुम्हाला मिळतं. नाव 'बीसीएमडब्ल्यूएल-कर्नल-सोर्स'. डेबियन वापरणाऱ्यांनी 'ब्रॉडकॉम-एसटीए-डीकेएमएस' शोधावं, वस्तू तीच.

तुम्हाला टर्मिनलची गरज नाही. फोन जोडलेला ठेवा, आधी अपडेट मॅनेजर एकदा ताजा करा. मग मेन्यूतून 'ड्रायव्हर मॅनेजर'. तिथे ब्रॉडकॉमचं नाव दिसेल, खाली हे पॅकेज. ते निवडा, 'अप्लाय चेंजेस' दाबा आणि पाच-सात मिनिटं हात लावू नका. ड्रायव्हर तुमच्या कर्नलसाठी तिथल्या तिथे बांधला जातो, त्याला वेळ लागतो. मग रीस्टार्ट.

(ज्यांच्याकडे टेथरिंगचीही सोय नाही त्यांनी ज्या पेनड्राइव्हवरून मिंट टाकलं तो जपून ठेवावा. इंटरनेट नसलं की ड्रायव्हर मॅनेजर तोच पेनड्राइव्ह मागतो आणि ब्रॉडकॉमचं पॅकेज त्यातून घेतो.)

खडूफळा (शनिवार, संध्याकाळी ५.४५)

केलं सगळं. पॅकेज यादीत होतं, निवडलं, अप्लाय केलं. मधे एक चौकट आली, 'सिक्युअर बूट'साठी पासवर्ड ठरवा म्हणाली. दिला. पट्टी शेवटपर्यंत गेली, रीस्टार्ट केलं. लॅपटॉप सुरू होताना निळा पडदा आला, त्यावर काहीतरी इंग्रजी होतं आणि एक आकडा खाली उतरत होता. मी चष्मा घेऊन येईपर्यंत तो पडदा गेला आणि मिंट नेहमीसारखं सुरू झालं.

वायफाय नाही. ड्रायव्हर मॅनेजरमध्ये मात्र पॅकेज टाकलेलं दिसतंय. माझं काही चुकलं का?

रात्रपाळी (शनिवार, संध्याकाळी ६.१०)

तुमचं काही चुकलं नाही, ताई. चूक माझी. तो निळा पडदा येणार हे मी आधी सांगायला हवं होतं. खात्रीसाठी एक ओळ टर्मिनलमध्ये टाका: सुडो, स्पेस, मॉडप्रोब, स्पेस, डब्ल्यू एल. इथले इंग्रजी स्पेलिंग सरळ आहेत. मिंटचा पासवर्ड विचारेल, टाइप करताना अक्षरं दिसणार नाहीत, ते तसंच असतं. काय उत्तर येतं ते सांगा.

खडूफळा (शनिवार, संध्याकाळी ६.२५)

उत्तर आलं: 'कुड नॉट इन्सर्ट डब्ल्यूएल, की वॉज रिजेक्टेड बाय सर्व्हिस'.

सोल्डरगन (शनिवार, संध्याकाळी ६.४०)

सिक्युअर बूट आडवं आलंय. बायोसमध्ये जाऊन सिक्युअर बूट बंद करा, दोन मिनिटांचं काम. माझ्या दुकानात मी तेच करतो.

रात्रपाळी (शनिवार, संध्याकाळी ७.२०)

बंद केलं तर चालेल, हे खरं. दुकानात समोर गिऱ्हाईक उभं असताना मीही कदाचित तेच केलं असतं. पण ताईंचा लॅपटॉप शाळेत जातो, तिथे मुलांचे, इतरांचे पेनड्राइव्ह लागतात. सुरू होताना आपण ओळखतो तेवढंच आत येऊ द्यायचं, हे जे सिक्युअर बूटचं काम आहे, ते एका वायफायसाठी काढून टाकायला माझं मन घेत नाही. किल्ली नोंदवायला तेवढाच वेळ लागतो.

झालंय ते असं. सिक्युअर बूट सुरू असलं की कर्नल फक्त सही असलेले ड्रायव्हर आत घेतं. डब्ल्यूएल तुमच्याच लॅपटॉपवर बांधला गेला, म्हणून त्यावर तुमच्या लॅपटॉपने तयार केलेल्या किल्लीची सही आहे. ही किल्ली मालकाची आहे असं बायोसला एकदा प्रत्यक्ष कीबोर्डवर बसून सांगावं लागतं. तो निळा पडदा त्यासाठीच होता. तो दहा सेकंद थांबतो, कुणी काही दाबलं नाही तर निघून जातो, आणि नोंदणीची ती विनंतीही तिथेच संपते.

तर परत मागणी करा. टर्मिनलमध्ये: सुडो, स्पेस, अपडेट-सिक्युअरबूट-पॉलिसी, स्पेस, डॅश डॅश एनरोल-की. मधले सगळे डॅश तसेच, 'सिक्युअरबूट' एकच शब्द. पासवर्ड विचारेल, किमान आठ अक्षरांचा लागतो. नुसते आकडे ठेवा, कारण निळ्या पडद्यावर कीबोर्डची मांडणी साधी अमेरिकन असते आणि चिन्हं इकडची तिकडे होऊ शकतात. पासवर्ड कागदावर लिहा.

आता चष्मा लावून रीस्टार्ट. निळा पडदा आला की लगेच कुठलीही कळ दाबा. यादी येईल, तिच्यात 'एनरोल एमओके' (म्हणजे किल्ली नोंदवा) निवडा. 'कंटिन्यू बूट' वर असतं, घाईत तिथे एंटर दाबू नका. मग 'कंटिन्यू', मग 'यस', मग तो आकड्यांचा पासवर्ड, मग 'रीबूट'. हे एकदाच करायचं.

खडूफळा (शनिवार, रात्री ८.५५)

लागलं!!! वायफाय लागलं!

पडदा आला तेव्हा स्पेस दाबली, पुढचं सगळं तुम्ही लिहिलं तसंच आलं. मिंट सुरू झालं आणि उजवीकडे खाली तो पंख्यासारखा वायफायचा आकार दिसला. क्लिक केलं तर शेजारच्या दोन घरांची नावंसुद्धा आली. दिरांच्या वायफायला जोडलं, फोनची वायर काढली आणि पहिलं काम म्हणून २०१९च्या चौथीच्या मुलांचा 'आनंदी आनंद गडे' हा पाठांतराचा आवाज भावाला पाठवून पाहिला. गेला. सिस्टिम रिपोर्टमध्ये आता ड्रायव्हरपुढे 'डब्ल्यूएल' आहे.

एक शंका राहिली. दिरांच्या राउटरची दोन नावं फोनवर दिसतात, एक साधं आणि एक शेवटी '५जी' असलेलं. लॅपटॉपला साधंच दिसतं. ड्रायव्हर अर्धवट बसलाय का?

सोल्डरगन (शनिवार, रात्री ९.१५)

अभिनंदन ताई! ड्रायव्हर पूर्ण बसलाय, काळजी नको. ४३१४२ ही चिप फक्त २.४ गिगाहर्ट्झची आहे. ते दुसरं नाव ५ गिगाहर्ट्झचं, ते या कार्डाला विंडोजमध्येही दिसलं नसतं. तुम्ही खालच्या मजल्यावर आहात ना? मग २.४च बरं. ते स्लॅब-भिंतीतून जास्त लांब येतं, ५ लवकर दम टाकतं.

आणि किल्ली नोंदवायचं मी आजवर कधी केलं नव्हतं, बंदच करत होतो. सोमवारी एक असाच लॅपटॉप येणार आहे, त्यावर हेच करून बघतो.

रात्रपाळी (शनिवार, रात्री १०.००)

वाचून फार बरं वाटलं, ताई. पुढे एवढं सांभाळा. कर्नलचं अपडेट येईल तेव्हा डब्ल्यूएल नव्या कर्नलसाठी आपोआप पुन्हा बांधला जातो आणि त्याच किल्लीची सही होते, निळा पडदा पुन्हा येत नाही. पण कधीतरी नव्या कर्नलशी न जुळल्यामुळे बांधणी फसू शकते. तेव्हा घाबरू नका. लॅपटॉप सुरू होताना 'ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स'मधून आधीचा कर्नल निवडा, त्यावर वायफाय चालू असेल. म्हणून जुना कर्नल लगेच काढून टाकू नका. शाळा सुरू असताना कर्नलचं अपडेट घेऊच नका, शनिवारी दुपारी घ्या, ती डेटावाली वायर जवळ ठेवून.

ब्लूटूथ याच कार्डावर आहे, पण त्याची फर्मवेअर फाइल वेगळी असते. लागलं तर वेगळा धागा काढा, तिथे बघू.

आंबाघाट (रविवार, सकाळी ९.३०)

इथेच विचारतो, चालेल ना? हा धागा वाचून मीही क्रमांक काढला. माझा १०ईसी:बी७२३, रिअलटेक आरटीएल८७२३बीई. मिंट टाकलंय. वायफाय दिसतं, जोडतं, पण राउटरशेजारी बसलो तरच. दुसऱ्या खोलीत गेलं की एक दांडी आणि तीही तुटते. विंडोजमध्ये अख्ख्या घरात चालायचं. दुसरा ड्रायव्हर शोधू का?

रात्रपाळी (रविवार, सकाळी ११.४५)

नको, तुमचा ड्रायव्हर कर्नलमध्ये आहे आणि बरोबर आहे. या कार्डावर अँटेनाच्या दोन जागा असतात, आणि काही लॅपटॉपांत वायर एकाच जागी जोडलेली असते. ड्रायव्हर दुसऱ्या, रिकाम्या जागेवर कान लावून बसला तर अगदी हेच होतं. त्याला जागा सांगावी लागते.

ईटीसीमधल्या मॉडप्रोब-डॉट-डी या फोल्डरमध्ये एक फाइल करा, नाव काहीही, शेवटी डॉट कॉन्फ. तिच्यात एकच ओळ: ऑप्शन्स, स्पेस, आरटीएल८७२३बीई, स्पेस, एएनटी, अंडरस्कोअर, एसईएल, बरोबरचं चिन्ह, १. सगळी छोटी अक्षरं, आकडे इंग्रजी. रीस्टार्ट करून दुसऱ्या खोलीत जाऊन बघा. फरक नसेल तर १च्या जागी २. काय होतं ते नक्की कळवा.

आंबाघाट (रविवार, दुपारी १२.३०)

१ने काही नाही. २ केलं, रीस्टार्ट केलं, मागच्या अंगणातून लिहितोय. तीन दांड्या आहेत.

खडूफळा (रविवार, दुपारी १२.४०)

वा! मी माझा क्रमांक लॅपटॉपच्या पोटावर चिकटपट्टीने लावून ठेवलाय, १४ई४:४३६५, डब्ल्यूएल, आणि खाली तो आकड्यांचा पासवर्ड न लिहिता फक्त 'निळा पडदा, कळ दाबा' एवढं. शाळेतल्या सरांकडे याच मॉडेलचे आणखी दोन लॅपटॉप आहेत. मिंट टाकायच्या आधीच पेनड्राइव्हवरून नुसतं चालवून त्यांचे क्रमांक काढून घेतेय, बघू आत तेच कार्ड निघतंय का. निघाले की इथे लिहिते.